गाडीपुढची जागा

बायको गेली त्या दिवशी मी गाडीखाली होतो. गिऱ्हाइकाची गाडी होती, सायलेन्सर ढिला झाला होता. बारकीचे बूट माझ्या डोक्याशी येऊन थांबले. बारकी म्हणजे माझी मुलगी. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव तेच राहिलंय. मी म्हटलं, तेराचा पाना दे. तिने दिला. मी नट आवळला, पाना परत केला, तिने तो पुसून जागेवर लावला. मग म्हणाली, "बाबा, बाहेर या."

फोन तिनेच घेतला होता. बायकोचं बाजाराच्या मागच्या गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या शेजारच्या दुकानदाराचा. मशीनवर बसल्या बसल्या तिने मान टाकली होती. मशीनखाली कुणाची तरी पँट होती, एक पाय आखूड झालेला, दुसरा व्हायचा. ती पँट पुढे बायकोच्या भावाने, माझ्या मेहुण्याने, दुसरीकडून पुरी करून घेतली आणि गिऱ्हाइकाला नेऊन दिली. बारकीला मी नंतर विचारलं, आधी पाना का दिलास? ती म्हणाली, तुम्ही मागितलात म्हणून.

शर्यतीत आमचं नाव बायकोने आधीच घालून ठेवलं होतं.

शर्यत कसली ते सांगतो. सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, चकरा नाहीत. पाणी प्यायला मान वर करावी तेवढ्यात निकाल. लोकांना वाटतं यात काय, ॲक्सिलरेटर तर दाबायचा. मेहुणा अशांना सांगतो, अगदी खरं, विहिरीत पडायलाही काही शिकावं लागत नाही.

सुटण्याआधी मागची चाकं पाण्यात भिजवून गरागरा फिरवतात. टायर तापतं, रबर रस्त्याला चिकटतं आणि दोन काळे पट्टे उमटतात. यात गाडी सरकत सुटायच्या लाइनच्या पुढे जाते. मग ती रिव्हर्समध्ये बरोबर त्याच पट्ट्यांवरून लाइनच्या मागे आणायची, कारण पकड तिथेच असते. टायर पट्ट्यावरून उतरलेलं असलं, की सुटताना गाडी साबणावर पाय पडल्यासारखी सरकते. आत बसलेल्याला मागचं काही दिसत नाही. डोक्याला हेल्मेट, अंगाला बेल्ट, मान वळत नाही. त्याला दिसतं फक्त गाडीपुढे उभं असलेलं माणूस. ते माणूस वाकून मागची चाकं बघतं आणि हाताने सांगतं.

आमच्याकडे इंजिन माझं, ट्रक आणि ट्रेलर मेहुण्याचा, स्टिअरिंग बारकीचं, आणि गाडीपुढची जागा बायकोची. मी कायम गाडीच्या मागे. तेल गळतंय का, टायर नीट तापलं का, धुराचा रंग काय, माझं लक्ष तिकडे. ती तिथे उभी असताना मी तिला कधी नीट बघितलं नाही. मधे गाडी असायची.

बारकी गावाच्या दुसऱ्या टोकाला कामाजवळ खोली घेऊन राहते. आई गेल्यावरही ती रविवारी येत राहिली. आम्ही गाडीबद्दल बोलायचो. ते बोलणं संपलं की ती भिंतीकडे बघायची आणि मी कपात बघायचो. आधी तिच्याशी बोलायचं काम तिची आई करायची, मी नुसता तिथे असायचो. एका रविवारी ती म्हणाली, "आईने नाव घातलंय म्हणून ही खेप करू. पण गाडी सरळ आली नाही, तर मी परत बसणार नाही. मग विकून टाका." मी बरं म्हटलं. गाडी गेली की रविवारही जातील, एवढं मला कळत होतं.

शनिवारी सरावाच्या धावा असतात. आम्ही सकाळीच पोचलो. ट्रेलरचा दरवाजा खाली टाकला, गाडी उतरवली, ताडपत्री बांधली. खुर्च्या मेहुण्याने सवयीने चार काढल्या. चौथी त्याने परत आत ठेवली नाही, तिच्यावर पाण्याचा कॅन ठेवला.

गाडीपुढे मेहुणा उभा राहणार हे वाटेतच ठरलं होतं. ट्रक मागे घ्यायला लोकांना सांगण्यात त्याचा जन्म गेला. पहिल्या धावेला बारकीने टायर तापवलं, छान धूर निघाला, मी मागून मेहुण्याला अंगठा दाखवला. गाडी मागे येऊ लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत पट्ट्यावरून उतरली. थोडी नाही, चांगली हातभर. मेहुणा पुढून डोक्यावर हात हलवतोय हे मला गाडीच्या टपावरून पलीकडे दिसत होतं. तो जितका जोरात हलवायचा, तितकी गाडी आणखी बाहेर. तशीच ती सुटली, मागचा भाग डोलला, बारकीने पाय काढून घेतला आणि गाडी सावकाश पुढे गेली, बाजाराला निघाल्यासारखी.

दुसऱ्या धावेला तेच. तिसऱ्या धावेला तर गाडी तिरकी उभी राहिली आणि स्टार्ट लाइनवरच्या माणसाने आम्हाला बाजूला घेतलं. हा माणूस तिथला जुना. दिव्यांचं बटण त्याच्या हातात असतं. कठड्यावरून कुणी तरी मेहुण्याला ओरडून विचारलं, मामा, गाडी बोलावताय की माश्या हाकलताय? तो हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

ताडपत्रीखाली आल्यावर दोघांचं जुंपलं. मेहुण्याचं म्हणणं, मी एकीकडे दाखवतो आणि ही दुसरीकडे जाते, मुद्दाम केल्यासारखी. बारकीचं म्हणणं, तुम्ही दाखवता तशीच मी येते, मला वेड लागलेलं नाही. तो म्हणाला, तुझी आई असती तर.  बारकीने हेल्मेट काढून चौथ्या खुर्चीजवळ जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, राहू दे मामा, कुणाची चूक नाही, चला आवरू.

आवरून निघालो असतो तर विषय तिथेच संपला असता. मी हत्यारांची ट्रॉली ढकलत ट्रेलरकडे चाललो होतो. तिला चाकं आहेत, आणि एक चाक कायम बाजूला ओढतं. ती सरळ जाईना. मी थांबलो आणि बारकीला म्हटलं, जरा पुढे उभी राहा आणि आई करायची तसं कर.

"कशाला?"

"मला बघायचंय. मी कधी बघितलं नाही."

ती कंटाळल्यासारखी उठली आणि ट्रॉलीपुढे उभी राहिली. मी हँडल धरून ट्रॉली मागे ओढत निघालो. बारकी वाकली, चाकांकडे बघितलं आणि एक हात बाजूला काढला. तिचा उजवा. मी त्या हाताच्या बाजूला ट्रॉली वळवली.

"तिकडे कुठे?" ती म्हणाली.

"तू दाखवलंस तिकडे."

"मी दाखवलं म्हणजे ट्रॉली तिकडे गेलीय. आता इकडे आणा ना."

 मेहुणा खुर्चीतून उठला. मी ट्रॉली परत मागे ओढली, मुद्दाम वाकडी. बारकीने पुन्हा हात काढला, चाक ज्या बाजूला भरकटलं होतं त्या बाजूचा. मी यावेळी हातापासून लांब वळवली. ट्रॉली सरळ झाली आणि तिने हात खाली घेतला.

झालं होतं असं. सगळं जग हात दाखवतं ते कुठे जायचं म्हणून. बायको हात दाखवायची ते कुठे बिघडलंय म्हणून. कपडे दुरुस्त करणारी बाई. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहिलं की ती सुटलेल्या जागेवर बोट ठेवायची, इथे ढिलं आहे, आणि मग ते आत घ्यायची. गाडीपुढेही तेच. घरातही तेच होतं. कॅलेंडर वाकडं टांगलं की खाली गेलेल्या कोपऱ्याकडे बोट करायची आणि गप्प उभी राहायची, ते सरळ करणं आमच्याकडे. बारकी त्या हातांवरच गाडी शिकली. दुसऱ्या कुणाच्या हातावर ती कधी आलीच नव्हती, त्यामुळे जगात सगळे असंच करतात असं तिला वाटत होतं.

मेहुणा हसायला लागला आणि बराच वेळ हसला. म्हणाला, लहानपणी शाळेत निघालो की ताई माझ्या शर्टाकडे बोट करायची, मला वाटायचं छान दिसतोय म्हणतेय, आणि दिवसभर मी बटण उघडं टाकून हिंडायचो. मग डोळे पुसून म्हणाला, "आता कळलं ना, मग उद्यापासून सगळ्यांसारखं ये."

बारकी म्हणाली, बघते. मेहुणा पुढे, ती ट्रॉलीला, असा त्यांनी सराव केला. सावकाश चालताना तिला जमायचं, जरा वेग घेतला की हात दिसताच ती लांब पळायची. मग उलट करून बघितलं, मेहुण्याने ताईसारखा हात काढायचा. त्याला तेही जमेना. चाक डावीकडे गेलं की त्याचा हात आपोआप उजवीकडे उठायचा. शेवटी त्याने हात खिशात घातले आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्हाला तर कुठलीच सवय नाही. तुम्ही उभे राहा."

मी म्हटलं, मग मागे कोण?

तो म्हणाला, मागे मी. तेल गळलं तर मला दिसतं, मी काय आंधळा आहे?

रविवारी सकाळी मी पहिल्यांदा गाडीपुढे उभा राहिलो. तिथे उभं राहिलं की इंजिन पोटात ऐकू येतं. रेडिएटरची गरम हवा पायांवर येते, ऊन समोरून डोळ्यात येतं, आणि काचेमागे हेल्मेटच्या फटीत फक्त डोळे दिसतात. यातलं काही तिने मला कधी सांगितलं नव्हतं. घरी आली की म्हणायची, पाय भरून आलेत. मला वाटायचं, चालण्याने.

पट्टे उमटले. धूर बाजूला झाला. बारकीने रिव्हर्स टाकला आणि मी वाकलो. टायर डाव्या हाताला सरकलं तसा डावा हात काढला, ती लांब गेली. जरा जास्त गेली, उजवा काढला, ती परत आली. काळ्या पट्ट्यावर काळं टायर. मी दोन्ही हात खाली घेतले आणि बाजूला झालो.

पण ती लाइनवर येईना. माझ्याकडे बघत थांबली. शेजारची गाडी लाइनवर येऊन उभी होती. दिवेवाल्या माणसाने बारकीला हात केला, मग माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. मी मान हलवली, चल म्हणून. तेव्हा कुठे ती पुढे आली. दिवा हिरवा झाला तरी ती माझ्याकडेच बघत होती, म्हणून उशिरा सुटली. पण सरळ सुटली, अशी की मागचा भाग जरासुद्धा हलला नाही. शेजारचा घाईत हिरव्याच्या आधी सुटला होता, त्याला लाल दिवा लागला, म्हणजे तो बाद. पहिली फेरी आम्ही तशी जिंकलो.

दुसऱ्या फेरीत शेजारी घाई न करणारा होता. गाडी पुन्हा पट्ट्यावर नीट आली, बारकी पुन्हा थांबली, पुन्हा उशिरा सुटली. एका गाडीच्या अंतराने हरलो.

ताडपत्रीखाली ती आली तेव्हा तिचा चेहरा शनिवारसारखा नव्हता. खुर्चीवरचा कॅन उचलून पाणी प्यायली आणि त्याच खुर्चीत बसली.

"बाबा, सरळ आली गाडी."

"मग उशीर कशाने?"

"मी थांबले होते."

"कशासाठी?"

"आई शेवटी काहीतरी करायची. गाडी सरळ झाली की. ते झालं की मी निघायचे."

"काय करायची?"

तिने बराच विचार केला. हात वर केला, खाली घेतला. "आठवत नाही. कधी लक्ष देऊन बघितलंच नाही. दिसलं की कळेल."

मेहुण्याने दिवेवाल्या माणसाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, मी चाकं बघतो आणि दिवे बघतो, माणसांकडे बघत बसलो तर शर्यत कोण चालवणार. ताई मात्र छान उभी राहायची, एवढं तो म्हणाला. आमच्या फोनमध्ये शर्यतींचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. सगळे मी मागून काढलेले. धूर आहे, टायर आहे, गाडी सुटताना आहे. ती गाडीच्या पलीकडे आहे.

संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये लावली. बारकी हेल्मेट घेऊन निघाली होती, दारातून परत आली आणि ते खिळ्याला अडकवलं. म्हणाली, पुढच्या शर्यतीला नाव घालायचंय, ते आता तुम्ही घाला. तिची आई नाव कुठे जाऊन घालायची ते मला माहीत नव्हतं, तेही तिनेच सांगितलं.

आता ती रविवारी येते तेव्हा आम्ही गाडी अंगणात काढतो. इंजिन बंद. ती आत बसते, बेल्ट लावते, हेल्मेट घालते, नाहीतर आठवणार नाही म्हणते. मी पुढे उभा राहतो. मेहुणा आला असला तर तो गाडी मागे ओढतो आणि सल्ले देतो. मी दोन्ही अंगठे दाखवले. मान डोलावली. टाळी वाजवली. कपड्याची घडी घातल्यावर बायको वरून हात फिरवायची, तसा हवेत हात फिरवला. मेहुणा म्हणाला, ताई नाक खाजवत असेल, ते करा. तेही केलं. बारकी काचेमागून दर वेळी मान हलवते, नाही. मग आम्ही चहा पितो आणि कशाकशाबद्दल बोलतो, गाडीबद्दलच असं नाही.

पुढच्या शर्यतीला नाव घातलं आहे. सायलेन्सर बदलला, मागची टायरं नवीन बसवली. गाडी पट्ट्यावर आणता येते. शेवटची खूण अजून सापडलेली नाही.