आधी मेन बंद

हिंदुरावांच्या छातीतला सेल मंगळवारी दुपारी संपत आला. जेवताजेवता त्यांनी बायकोला विचारलं, "अगं मालन, आज सोमवारच ना?" आणि मालन ताट सारून स्क्रूड्रायव्हर आणायला उठली.

सेल कोटाच्या बटणाएवढा, डाव्या बरगडीखालच्या झाकणात बसवलेला. त्याच्याशेजारी गारगोटीचा एक कण, सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारा. तेवढी थरथर मोजून झाली की एक सेकंद. माणूस झोपला की बाकी सगळं गप्प होतं, पण हे बिचारं त्या सेलच्या जिवावर मोजतच बसतं. म्हणून तर उठल्यावर माणसाला आपली बायको ओळखू येते! सेल बदलताना मात्र माणूस जागा हवा, डोळे उघडे हवेत; माणसाचा मेन स्विच तोच. सेलही नाही आणि जागही नाही, असा एक क्षण जरी गेला, तरी सगळी मोजणी पुसली जाते आणि एक जानेवारी दोन हजारपासून पुन्हा सुरू होते. तेव्हा यांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

मालनला हे कुणी शिकवायला नको होतं. वीस वर्षं ती कारखान्यात विजेचे मीटर दुरुस्त करत होती.

"घाबरू नका हो, दोन मिनिटांचं काम," ती म्हणाली. स्क्रू सोडवले, चिमट्यात सेल धरला, आणि तिथंच घात झाला. कारखान्यात झाकण उघडलं की पहिला नियम, आधी मेन बंद. वीस वर्षांची जिभेची सवय ती! सेल ओढताओढता मालन सहज बोलून गेली, "डोळे मिटा बघू."

आणि हा भला माणूस! उभ्या जन्मात बायकोचं कधी ऐकलं नाही, नेमकं आज ऐकलं.

नवा सेल बसल्यावर हिंदुरावांनी डोळे उघडले. "बाई, कोण तुम्ही? खोली चुकलात का?"

"अहो, मी मालन!"

"कोण मालन?"

तिला रडूच फुटलं. तेवढ्यात फ्रिज गेला. मग मागची खोली गेली आणि भिंत चार पावलं पुढे आली. मग लग्नाचा फोटो. तिनं गळ्याला हात लावला, तर मंगळसूत्र नव्हतं. दोन हजारनंतर या घरात आलेलं सगळं एकेक करून नाहीसं होत होतं. उरली एक खाट, एक स्टो आणि अजून पाळी न आलेली मालन.

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. समृद्धी शाळेतून आली होती. चौदा वर्षांची त्यांची लेक. मालननं धावत जाऊन कडी घातली आणि दाराला पाठ लावली.

"आई, उघड ना! भूक लागलीय."

"आत येऊ नकोस, बाळा. तिथंच थांब."

"का पण? बाबा कुठायत?"

हिंदुराव खाटेवरून उठले. माणूस पहिल्यापासूनच मायाळू. "कुणाची पोर आहे हो? एवढ्या उन्हात कशाला उभं केलंय तिला?" असं म्हणत त्यांनी मालनला हळूच बाजूला केलं आणि कडी काढली.