दुसरा हाफ सासुरवाडीचा

हाफटाईमची शिट्टी झाली आणि मष्णूअण्णानं मैदानाच्या मधोमध वडगावचा तांबडा सदरा उतरवून येळ्ळूरचा पांढरा अंगात घातला. “शामू, आता कसा चकवतो बघ तुला!” असं म्हणून मला, सख्ख्या धाकट्या भावाला, डोळा मारून तो पलीकडं गेला. कडेला बसलेली माणसं खो खो हसली.

तेव्हा यात कुणाला वावगं वाटत नसे. वडगाव आणि येळ्ळूर समोरासमोर आले की येळ्ळूरचा जावई पहिला हाफ आमच्याकडून आणि दुसरा सासुरवाडीकडून खेळणार, हे ठरलेलंच. एकदा तर त्यानं दोन्हीकडून एकेक गोल मारला आणि सामना बरोबरीत सोडवला. दोन्ही गावांनी त्याला खांद्यावर घेतलं. असला खेळ आता कुठं बघायला मिळणार?

तो पांढरा सदरा मुळात अण्णाच्या मेहुण्याचा. मेहुणा पटकीच्या साथीत गेला. त्याच्या आईनं, म्हणजे नागुबाईनं, तो धुऊन जावयाच्या हाती दिला. “जावईबापू, डावीकडची त्याची जागा मोकळी दिसली की बघवत न्हाय वं,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून येळ्ळूरचा सामना असला की म्हातारी भाकऱ्यांची बुट्टी डोक्यावर घेऊन हजर असायची.

मग एकोणचाळीस साल उजाडलं. जिनपालशेठ मूळचे निपाणीचे, तंबाखूचे व्यापारी आणि आमच्या फुटबॉल मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी सगळ्या टीमांना आपल्या वखारीत बोलावलं. तंबाखूच्या वासानं निम्मे जण शिंकत होते.

“सगळ्या हिंदुस्थानाचं एक फुटबॉल मंडळ झालंय,” शेठ म्हणाले. “इलाख्याच्या संघटनेमार्फत आपण त्याला जोडून घ्यायचं. मग आपली पोरं मुंबईला खेळतील, नशिबात असलं तर कलकत्त्याला. पण नियम त्यांचा. एक माणूस, एक टीम.”

“आन् जावई?” मागून कुणीतरी विचारलं.

“जावयाचं कलम न्हाय त्यात.”

सगळे हसले. शेठही हसले. अण्णा तेवढा हसला नाही.

शेठचं काही चुकत नव्हतं. पुढं मी स्वतः आगगाडीत बसून मुंबईला खेळून आलो, ते त्या जोडणीमुळंच. मैदानं मोठी झाली, शिट्टीला मान आला. पण त्या दिवशी मला एवढंच कळत होतं, की जत्रेच्या सामन्याआधी अण्णाला एका गावाचं नाव सांगायचं आहे.

त्यानंतर अण्णा हातमागावर बसून पायाखालच्या पावड्या अशा हाणायचा, की शेजारी विचारत, काय भांडण झालं काय? माझी वहिनी मालुबाई येळ्ळूरची. एके दिवशी तीच म्हणाली, “तुमी आपलं वडगावातनंच खेळा. आईची समजूत मी काढते.”

“समजूत काढशील गं. पर त्या जागंकडं बघत बसंल की ती.”

“आन् माझ्या बाजूची जागा?” मी म्हणालो. “लहानपणापास्नं तुझ्याच पासवर खेळलोय मी, अण्णा.”

“व्हय रं,” तो म्हणाला. “तिथंच तर अडतंय.”

दुसऱ्या दिवशी तो शेठकडं गेला आणि म्हणाला, “मला कुठल्याच टीमात धरू नका. झेंडा द्या, लाईनीवर हुबा ऱ्हातो.” शेठ मनापासून हळहळले, पण दोन्ही गावांना चालेल असा लाईनमन त्यांना दुसरा कुठून मिळणार होता? अण्णाच्या पायात अजून पाच-सहा वर्षांचा खेळ होता. मी इतका चिडलो, की सामन्यापर्यंत त्याच्याशी बोललोच नाही.

सामना वडगाव-येळ्ळूरच लागला. पाहुणे म्हणून मुंबईची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. अण्णाच्याच लाईनीला, येळ्ळूरच्या बायकांत, नागुबाई बसली होती. मेहुण्याच्या जागी येळ्ळूरचा एक नवा गडी उतरला होता. त्याची आणि माझी झटापट झाली आणि बॉल लाईनीबाहेर गेला.

झेंडा घेतला म्हणून माणूस सुटत नाही, हे अण्णाच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. थ्रो कुणाचा, ते दाखवायला हात कुठल्या तरी एका गावाकडं करावाच लागतो. सगळं मैदान त्याच्याकडं बघत होतं. त्यानं झेंडा उचलला आणि थ्रो आम्हाला दिला.

“भावाला दिला रं! भावाला दिला!” येळ्ळूरची माणसं ओरडायला लागली.

नागुबाई पदर खोचून उभी राहिली. “गप बसा! आपल्याच गड्याचा पाय लागला, मी बघिटलंय न्हवं?” मग अण्णाकडं वळून हळूच म्हणाली, “बराबर केलासा, जावईबापू.”

बॉल घरंगळत अण्णाच्याच पायाशी येऊन थांबला होता. त्याचा डावा पाय सवयीनं वर उचलला गेला आणि तसाच थांबला. मग त्यानं पाय खाली ठेवला, झेंडा काखेत धरला, वाकून बॉल दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या हातात दिला.