गौर बसलेली होडी

मित्रांनो, होडी म्हटलं की तुम्हाला तळं आठवेल, वल्ही आठवतील, पाण्यात हात घालून बसलेली पोरं आठवतील. मला मात्र आधी कुलूप आठवतं. मी इंदूरची, तिथल्या पोलोग्राउंड वस्तीत जन्मलेली एक जुनी सागवानी होडी आहे, आणि माझ्या उमेदीची वर्षं मी कोरड्या जमिनीवर काढली. हसू नका. जिच्यावर बेतते तिलाच ते कळतं.

मला घडवलं जयसिंगरावांनी. त्यांचे वडील संस्थानाच्या काळात दरबारी नौकांची देखरेख करत. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य झालं, दरबारी नौका कुठेतरी सडून गेल्या. पण होडीचं वेड या घरातून गेलं नाही. जयसिंगराव दिवसा एका कारखान्यात मिस्त्री होते आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये लाकूड तासत बसत. आमच्या भागात तळ्यांतून शिंगाडे काढतात. काढणारा माणूस होडीच्या कडेवर ओणवा होतो, म्हणून त्यांनी माझ्या कडा आत वळवल्या, दोन्ही टोकं उचलली आणि पोट पसरट ठेवलं. मी दिसायला कशी होते हे माझ्याच तोंडून बरं दिसत नाही, तरी सांगते. मी देखणी होते.

आणि त्यानेच माझा घात केला. त्यांच्या आधीच्या होडीची मापं उदयसिंह नावाच्या ठेकेदाराने दोरीने घेऊन नेली होती आणि तशाच होड्या करून तळ्यातळ्यावर विकल्या होत्या. जयसिंगरावांचं नावही कोणी घेतलं नाही. तो काटा त्यांच्या मनात सलत होता. म्हणून मी पुरी होताच त्यांनी पुतण्याला बोलावलं. हा अच्युत नुकताच वकील झाला होता आणि कायद्याबद्दल बोलायला त्याला नुसतं निमित्त हवं असे.

“काका, आता डिझाइनचा कायदा आपल्याकडे पण लागू आहे,” तो म्हणाला. “कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत अर्ज करू. एकदा रजिस्टर झालं की हे रूप तुमचं. मग उदयसिंह काय, कोणीच नक्कल करू शकत नाही. पण एक बात ध्यानात ठेवा. कायदा होडी चालते कशी ते बघत नाही, दिसते कशी ते बघतो. रूप एकदम नवं पाहिजे. अर्ज पोचायच्या आधी लोकांनी पाहिलं, तर ते नवं राहत नाही.”

“म्हणजे पाण्यात पण नाही घालायची?”

“बिलकुल नाही. ताला लावा.”

झालं! शेडच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली गेली, माझ्यावर गोणपाटं पडली आणि दाराला कुलूप लागलं. जयसिंगरावांनी घरात बजावलं, “बाजारातल्या एका पण माणसाला भनक लागता कामा नये.” अर्जासोबत जोडायचे माझे नकाशे काढणारा माणूस सावकाश काम करत होता. मी अंधारात बसून वाट पाहत होते. पण ती कैद मला जड गेली नाही, कारण तिच्या शेवटी पाणी होतं.

चैत्र आला. चैत्रात आमच्या मराठी घरांत गौर बसते, हे तुम्हाला ठाऊक असेल. गौरीपुढे आरास मांडायची, गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरायच्या. आणि मग कोणाची आरास सरस यावर महिनाभर चर्चा! जयसिंगरावांच्या पत्नी मंगलाबाई दर वर्षी साधा पितळी झोपाळा मांडत, आणि शेजारच्या शशिकलाबाई गोड हसून म्हणत, “छान आहे हो, तोच आहे का गेल्या सालचा?” त्या वर्षी जयसिंगराव लाकूड बघायला बडवाहला गेले होते. मंगलाबाईंनी कुलूप काढलं, गोणपाटं ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई गं, देवीला बसायला ही सोडून झोपाळा कशाला?”

त्यांच्या सासूबाई, द्वारकाबाई, दारातून म्हणाल्या, “अगं, तो ओरडेल. कोणाला दाखवायची नाही म्हणालाय.”

“बाजारातल्या माणसांना नाही दाखवायची, आत्याबाई. हे तर बायकांचं हळदीकुंकू. यात कुठला ठेकेदार येऊन बसणार?”

द्वारकाबाईंनाही ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? बायकांनी कमरेला पदर खोचून मला ओसरीवर आणलं. माझ्या मधोमध गौर बसली. दोन्ही टोकांना हळदकुंकू लागलं, मोगऱ्याच्या माळा लागल्या. शशिकलाबाई माझ्याभोवती दोनदा फिरल्या आणि माझ्या कडेवरून हळूच बोट फिरवून गेल्या. सगळी गल्ली लोटली, आणि त्यात उदयसिंहाच्या सुताराची बायकोही होती. तिने घरी जाऊन भाबडेपणाने कौतुक केलं असणार. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा प्रसादाच्या निमित्ताने आला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मला वाटलं, किती भाविक माणूस!

जयसिंगराव परतले ते थेट ओसरीवर. माझ्या कपाळावरचं कुंकू आणि पोटात सांडलेले हरभरे पाहून त्यांनी पिशवी तिथेच टाकली आणि अच्युतला बोलावणं धाडलं. अच्युत धावत आला.

“काका, अर्जात लिहून द्यावं लागतं की हे रूप आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नाही.”

“मग लिहा ना तसं,” मंगलाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “कलकत्त्यात कोणाला कळणार आहे? बायकांनीच तर पाहिली.”

“कायद्यात बायका, पुरुष असं नसतं, काकू.”

जयसिंगरावांनी माझ्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “देवीसमोर सगळ्या गल्लीने पाहिली, आणि मी खाली सही करू की कोणीच नाही पाहिली? राहू दे, अच्युत.” त्यांनी स्वतः मला ओढत शेडमध्ये नेलं आणि कुलूप घातलं.

मित्रांनो, ही दुसरी कैद फार वाईट. पहिल्या कुलपामागे आशा होती, या कुलपामागे फक्त राग होता. माझ्यात मोडकी खाट आली, कांद्याच्या पाट्या आल्या, गंजलेले पत्रे आले. खिडकीच्या कागदाला एक फट होती, तिच्यातून उन्हाची रेघ येई आणि माझ्या अंगावरून सरकत निघून जाई. पाण्याशिवाय लाकूड आकसतं. माझ्या फळ्यांमध्ये भेगा पडल्या, सांधे उघडे पडले. रात्रंदिवस मी आतून तडकत होते, आणि ते ऐकायला उंदरांखेरीज कोणी नव्हतं. घरातही माझा विषय कोणी काढत नसे. मंगलाबाई चैत्रात झोपाळ्यावरच गौर बसवत, पण हळदीकुंकवाला मात्र कोणालाही बोलावत नसत. माझ्यापेक्षा त्या जास्त कोंडल्या होत्या असं मला वाटतं.

अशी बरीच वर्षं गेली. एका सकाळी देपालपुरकडचा एक शिंगाडेवाला दारात आला. त्याचं नाव नंदू.

“भिया, गौरवाली डोंगी जिनने बनाई, वो जयसिंगरावजी यहीं रहते हैं क्या?”

“कसली गौरवाली होडी?” जयसिंगराव दचकले.

“अरे, वही मुड़ी किनारवाली! बेचता तो उदयसिंह है, पर उसकी डोंगी डोलती बहुत है. मेरे को असली बनानेवाले से चाहिए.”

“माझं नाव कोणी सांगितलं तुला?”

नंदू हसला. “सब तालाबवाले जानते हैं. औरतें पहले दिन से बोल रही हैं, मंगलाबाई की गौर इसी में बैठी थी, उनके आदमी ने बनाई. उदयसिंह कितना भी अपना नाम पोत ले, कौन मानता है?”

स्वयंपाकघराच्या दारात मंगलाबाई उभ्या होत्या. हातातली परात तशीच धरून त्या रडत होत्या. जयसिंगराव त्यांच्याकडे वळले, आणि इतक्या वर्षांनी माझ्याबद्दल पहिला शब्द बोलले. “मंगला, किल्ली कुठंय गं?”

“देव्हाऱ्यात. गौरीपाशी.”

“मग गौर पण घे बरोबर.”

बैलगाडीतून मी सिरपूरच्या तळ्यावर गेले. पाण्यात उतरताच मी बुडाले, कारण अंगभर भेगाच होत्या. जयसिंगरावांनी माझ्यात दगड ठेवून मला काठच्या उथळ पाण्यातच राहू दिलं. पाणी प्यायले, फुगले, सांधे मिटले, आणि मग एका सकाळी दगड काढताच मी आपसूक वर आले. मला समोर ठेवून त्यांनी नंदूसाठी अगदी तशीच होडी घडवायला घेतली. तिला बिचारीला कुलूप कसं असतं ते ठाऊकही नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. थोडी गळते, पण शिंगाडे वाहते. चैत्रात मात्र मला घासूनपुसून ओसरीवर आणतात आणि सगळ्या गल्लीला आमंत्रण जातं. मित्रांनो, आपल्या कष्टाची वस्तू जरूर जपा, तिच्यावर आपला हक्कही सांगा. जयसिंगरावांना तो मिळायलाच हवा होता, असं मला अजून वाटतं. पण तुमच्या घरी एखादी चांगली वस्तू रागाने किंवा भीतीने कोंडून ठेवलेली असेल, तर आजच ते दार उघडा. आणि ते कुलूप ज्या माणसावरच्या रागाने लावलं असेल, त्यालाही हाक मारा.