अठ्ठावीस अक्षरं अलीकडे

कस्तुराची चार वर्षांची प्राजक्ता दुपार कलली की मान टाकायची, पापण्या उघडेनात. पोर लाडावलीय, सोंग करते, असं सासरचे म्हणत. शेवटी एका डॉक्टरांनी जनुकांच्या तपासणीसाठी तिचं रक्त रावेतच्या प्रयोगशाळेत धाडलं.

तिथं ते काम हर्षालीकडं आलं. ती चाकणजवळच्या शेतकरी घरातली, हट्टी. स्नायूंना मज्जातंतूचा हुकूम पोचवणाऱ्या जनुकात, आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत, तिला ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांपैकी एक बदललेलं दिसलं. प्रमुख अंजली मॅडमनी ते मोजलंच नाही. बदल कामाच्या तुकड्यात नव्हता. पेशी जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, काढते आणि त्यातून जो मधला भाग कापून फेकते, त्यात होता. 'दोष आढळला नाही' असं लिहून सही कर, त्या म्हणाल्या.

हर्षालीनं सही केली नाही. फेकायच्या त्या भागातच पेशी एक 'ए' हेरते, तिनं सांगितलं. कापलेलं टोक वळून त्याला जोडलं जातं, तेव्हाच मागचा-पुढचा तुकडा जुळतो. बदललेलं अक्षर पुढच्या तुकड्याच्या अठ्ठावीस अक्षरं अलीकडे होतं. तेच ते 'ए' असणार.

"ते गेलं तर पेशी शेजारचं दुसरं निवडते," मॅडम म्हणाल्या. "बऱ्याचदा निभतं."

"इथं निभलं का, ते बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

तिनं नकार लेखी दिला. नोकरीवर गदा येईल, असं सहकाऱ्यांनी बजावलं. मॅडमनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं, मग एकदाच स्नायूतला आरएनए तपासून बघ म्हणाल्या. रुग्णालयात आधीच्या एका तपासणीत घेतलेला प्राजक्ताच्या स्नायूचा नमुना जपून ठेवलेला होता. तो वापरायला आईची संमती हवी होती. कस्तुरा पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या गणवेशातच आली.

"माझी पोरगी सोंग करत न्हाई," एवढंच बोलून तिनं सही केली.

आठवड्यानं निकाल आला. पेशीला शेजारी दुसरं 'ए' जमलं नव्हतं. आरएनएमधून अख्खा पुढचा तुकडाच गळत होता. मॅडमनी निकाल दोनदा तपासला आणि नव्या अहवालावर हर्षालीच्या सहीखाली आपली सही केली.

या आजारावर औषध होतं. पूर्ण बरं करणारं नव्हे, पण महिन्याभरात प्राजक्ता संध्याकाळीही जिना चढू लागली. कस्तुरा अहवालाची आपली प्रत न्यायला आली तेव्हा तिनं तो मराठीत लिहून मागितला.

"सासऱ्यांपुढं मी सोता वाचणार हाय," ती म्हणाली. "समद्यांना बसवून."