दूध ओतणाऱ्या बाईवरचा माझा संशय

मी एक जुनी दगडी कबर आहे. एका माणसाची नव्हे, अख्ख्या वस्तीची. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनीच्या एका बेटावर, मेंढ्यांच्या कुरणात मी पाच हजार वर्षे बसले आहे. मित्रांनो, जवळ या, पण मोकळ्या हातांनी या. पहारी घेऊन आलेले मी पुष्कळ पाहिलेत.

मला बांधणारेही मला सरळ वाटले नव्हते. किनाऱ्यावरचे चपटे दगड आणून त्यांनी चुन्याशिवाय थरांवर थर रचले. प्रत्येक थर आत बोटभर पुढे काढला; भिंतीच वर जाऊन एकमेकींना टेकल्या आणि छप्पर झाले. वाट मात्र सरपटत यावे लागेल इतकी बुटकी ठेवली. म्हटले, नक्कीच काहीतरी लपवायचे असणार. मग ते आपल्याच माणसांची हाडे घेऊन आत आले आणि रडले. मी वरमले, पण खोड गेली नाही.

ती वस्ती संपली. माझ्यावर गवत चढले. शेतकरी म्हणू लागले, टेकाडात राखणदार राहतो, गाय व्याली की पहिले दूध त्याचे. या कुरणाचा मालक माल्कम, त्याची बायको ओस्ला ते न चुकता माझ्यावर ओतायची. मला ती लाच वाटे.

एका हिवाळ्यात माती खचली आणि माझ्या वाटेचे तोंड उघडे पडले. ओस्लाने ते पाहिले. दिवा घेऊन आत आली, हाडे पाहिली, छताचे दगड निरखले. माल्कमला तेव्हा नव्या गोठ्यासाठी असेच दगड हवे होते. एक जरी निघाला असता तरी मी कोसळले असते. बाहेर जाऊन ती फावडे घेऊन आली. आता संपलेच, असे मला वाटले.

"काय गं उकरतेस?" माल्कमने बांधावरून विचारले.

"उकरत नाही, बुजवतेय. कोकरू अडकेल बिळात."

"आत दगड आहेत का बघ."

"ससे आहेत. राखणदाराच्या खोड्या काढायच्यात तर या तुम्ही. गाय आटली तर मला बोलायचं नाही."

"तू आणि तुझा राखणदार," म्हणत तो निघून गेला.

तिने वाट बुजवली, वर गवताची ढेपळे बसवली. तरी कित्येक वर्षे मी तिच्यावर नजर ठेवून होते. केव्हातरी ही परत येऊन खणणारच, असे मला वाटे. खणायला ती कधीच आली नाही. त्या संशयाची मला फार लाज वाटते.

मित्रांनो, माझ्यातला दगड हलवू नका. आणि जो सांभाळतो, त्याला वेळेवर ओळखा. ओस्ला गेली तेव्हा तिला दूर चर्चच्या आवारात पुरले. माझ्यात जागा होती.