वाळवणातला अबोला

इंद्रायणीनं ओढणी बादलीत बुचकळली, पिळली आणि खिडकीच्या गजांना बांधली. बांधून झाल्यावर ती तिथंच उभी राहिली. खिडकी लावावी की उघडी ठेवावी, हेच तिला ठरवता येईना. मोबाइलवर आलेल्या सूचनेत लिहिलं होतं, दुपारी दारं-खिडक्या बंद ठेवा. कूलर बसवणारा सांगून गेला होता, एक तरी खिडकी उघडी पाहिजे ताई, न्हाईतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. तिनं एक झडप लावली, एक उघडी ठेवली, आणि दोन्हीकडून आपलंच चुकलं असं वाटून झोळीशी आली.

झोळीत अर्पिता झोपली होती. नुकते चार महिने भरलेली. इंद्रायणीनं हाताची पालथी बाजू तिच्या मानेला लावली. गरम. मग स्वतःच्या मानेला लावली. तीही गरमच. आष्टीत त्या आठवड्यात भिंती गरम होत्या, गादी गरम होती, नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. त्यात लेकराचं अंग गरम म्हणजे किती गरम, हे ओळखायचं कसं? काखेत थर्मामीटर धरलं की पोर रडायची, आणि रडली की आणखी तापायची.

वर गच्चीवर पावलं वाजली. सासूबाई कुरडया उलथत असतील. एवढ्या उन्हात. इंद्रायणीनं क्षणभर वर पाहिलं आणि नजर पुन्हा झोळीत आणली.

सासूबाईंचा, म्हणजे उषाबाईंचा, अबोला चालू होऊन तीन-चार दिवस झाले होते. कारण पाण्याचं. परतूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबही नको, उन्हाळा असला तरी. आणि इंद्रायणी आंघोळ करून बाहेर आली तर उषाबाई अर्पिताला मांडीवर घेऊन बसलेल्या, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात कापसाची वात. शेजारच्या कांताबाई समोरच होत्या. इंद्रायणीनं काही न बोलता ती वाटी सासूच्या हातातून काढून घेतली. ओढलीच म्हणा. पाणी उषाबाईंच्या पदरावर सांडलं.

"मी काय वैरीण हाये का तिची?" उषाबाई एवढंच म्हणाल्या होत्या. तेही कांताबाईंकडे बघून.

अबोला म्हणजे घर गप्प झालं असं नव्हे. बोलणं होतंच, ते सगळं अर्पिताच्या मार्फत चालायचं. उषाबाई झोळीपाशी येऊन म्हणायच्या, "बाई, तुझ्या आईला म्हणावं, दूध उतू चाललं." इंद्रायणी पोरीचं टोपडं सारखं करत म्हणायची, "अर्पू, आजीला सांग, ताक झाकून ठेवलंय." पोर दोघींकडे आळीपाळीनं बघायची. भारत, इंद्रायणीचा नवरा, जालन्याला सळईच्या कारखान्यात पाळीवर असायचा आणि रविवारी घरी यायचा. फोनवर तो म्हणाला होता, "तुमचं तुम्ही बघा बाबा. मी इथं भट्टीपुढं, तिथं तुम्ही."

उषाबाईंच्या वाटचं ताक मात्र कालही तसंच राहिलं होतं आणि आजही. माठावरचा त्यांचा पेला पालथाच होता. रुसवा पाण्यावरही काढायचा म्हणजे फारच, असं इंद्रायणीला वाटलं होतं.

आज पहाटे तर कमाल झाली. कुरडयांचा चीक घोटायला दोन बाया लागतात. एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं घोटायचं. चूल पेटलेली, चीक घट्ट होत जातो तसा हात भरून येतो. उषाबाईंनी तो एकटीनं घोटला. पत्र्याच्या खोलीतून पातेल्याचा आवाज येत होता, आणि इंद्रायणी अंथरुणात उठून बसली होती. बोलावलं तर जाऊ, असं म्हणत. कुणी बोलावलं नाही.

आता पावलं जिन्यावरून खाली आली. उषाबाई उंबऱ्याशी थांबल्या. कूलरच्या वाऱ्यात त्या यायच्या नाहीत, हे ठरलेलंच होतं. चौकटीला हात लावून त्यांनी झोळीकडे पाहिलं.

"भारत्या," त्या म्हणाल्या. "ऊठ रे. शाळंत जायचं न्हाई का?"

इंद्रायणीचा झोळीच्या दोरीवरचा हात थांबला.

चार महिने ती ह्याच वाक्याची वाट बघत होती. मुलगी झाली तेव्हा उषाबाईंनी पेढे वाटले होते, बारसं केलं होतं, नावही आवडलं म्हणाल्या होत्या. एका शब्दानं काही दाखवलं नव्हतं. पण पोटात काहीतरी असणारच, कधीतरी बाहेर पडणारच, असं इंद्रायणीनं धरून ठेवलं होतं. आज पडलं. पोरगीला पोराचं नाव, आणि तेही तिच्याच बापाचं.

"अर्पू," ती सावकाश म्हणाली, "आजीला सांग, मी मुलगी आहे म्हणावं."

उषाबाई हसल्या. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, कुठं जायचं होतं ते विसरल्यासारख्या. मग वळल्या आणि पुन्हा जिना चढू लागल्या. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

ते हसणं इंद्रायणीला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिनं भारतला फोन लावला. उचलला नाही. कामावर फोन बाहेर ठेवावा लागतो, हे तिला माहीत होतं, तरी तिनं पुन्हा लावला. काय सांगणार होती? तुमच्या आई हसल्या?

शेजारच्या गच्चीवरून कांताबाईंची हाक आली.

"इंद्रायणी, ए इंद्रायणी. तुझी सासू पाह्य गं. ती कुरडयांवर बसून राह्यली."

"कुरडयांजवळ?"

"जवळ न्हाई बाई. वर. वल्ल्या कुरडयांवर बसली बराबर मधोमध."

इंद्रायणीला आधी ते कळलंच नाही. कावळा खाली उतरू नये म्हणून काठी घेऊन बसणारी बाई. वाळवणावरून कुणाचा पदर गेला तरी दिवसभर बोलणारी. ती जिन्याकडे धावली, अर्ध्यातून परत आली, झोळीच्या खालच्या सतरंजीवर उशा टाकल्या, आणि पुन्हा धावली. चप्पल घालायची राहिली. गच्चीच्या फरशीनं तळपाय भाजले.

उषाबाई लुगड्यावर घातलेल्या कुरडयांच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला. चेहरा लालबुंद, आणि कोरडा. कपाळावर घामाचा टिपूस नाही. हातात एक अर्धी ओली कुरडई होती आणि ती त्या निवडून बघत होत्या, जशी भाजी निवडतात.

"आत्या," इंद्रायणीनं हाक मारली. तीन-चार दिवसांनी सरळ मारलेली पहिली हाक. "आत्या, उठा."

"आई आली का बाजारातनं?" उषाबाईंनी विचारलं.

इंद्रायणीनं त्यांच्या मानेला हात लावला. ह्या वेळी स्वतःच्या मानेला लावून बघावं लागलं नाही.

कांताबाई मधल्या कठड्यावरून उतरून आल्या. दोघींनी उषाबाईंना काखेत धरून खाली आणलं, कूलरसमोर फरशीवर निजवलं. इंद्रायणीनं चोळी सैल केली, बादलीतलं उरलेलं पाणी अंगावर ओतलं, खिडकीची ओढणी ओढून काढली, माठातल्या पाण्यानं भिजवून मानेखाली आणि काखेत घातली. झोळीत अर्पिता जागी होऊन रडायला लागली. तिच्याकडे कुणी गेलं नाही.

"रिक्षावाले सर्जेराव दारातच उभे हायेत," कांताबाई म्हणाल्या. "आधी पाणी पाज तिला. जल्दी. घसा सुकला बाईचा." त्यांनी माठातून वाटी भरून आणलीच होती.

"नको."

"काहून नको?"

"नीट शुद्धीत नाहीत त्या. पाणी श्वासात जाईल. मी वाचलंय."

"अगं, तहानलेलीला पाणी न्हाई?" कांताबाई वाटी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिल्या. "लेकरालाबी न्हाई अन् म्हातारीलाबी न्हाई. कोणचं पुस्तक हाये बाई तुझं?"

इंद्रायणीनं वाटी घेतली. ह्या खेपेला ओढली नाही. आपण खरंच वाचलंय का, कुठं वाचलंय, की लहान बाळाचं वाचलेलं डोक्यात मिसळलंय, तिला काही सुधरेना. वाटी ओठांपाशी न्यावी असं तिच्या हाताला वाटत होतं. तिनं ते पाणी उषाबाईंच्या कपाळावर, केसांत हळूहळू सोडलं, आणि वाटी बाजूला ठेवली.

"कांताबाई, अर्पूला घ्या. रिक्षात बसायचंय आपल्याला."

सरकारी दवाखान्यात एक खोली उष्माघाताच्या रुग्णांसाठीच मोकळी केली होती. दोन पंखे, ओल्या चादरी, बर्फाच्या पिशव्या. उषाबाईंना सलाईन लागलं. डॉक्टर येऊन बघून गेले, ताप उतरायला लागला की सांगा म्हणाले, नाहीतर जालन्याला हलवू. मग नर्स पुढं आली. साधना असं तिच्या खिशावर लिहिलेलं होतं. वयानं इंद्रायणीएवढीच असेल.

"पाणी दिलं होतं का तोंडानं?"

"नाही," इंद्रायणी म्हणाली, आणि श्वास रोखून थांबली.

"बरं केलं. कधीपासून असं बोलून राह्यल्या त्या? संबंध नसल्यासारखं?"

"दुपारी. म्हणजे बारा-एकला असेल. मुलीला पोराचं नाव घेऊन हाक मारली."

"त्याच्या आधी? सकाळी काही? काल? नीट आठवा, डॉक्टरांना सांगावं लागतं. एकदम झालं का हळूहळू, त्यावर पुढचा इलाज असतोय."

इंद्रायणी मागं मागं जाऊ लागली. पहाटेचा चीक. कालचं ताक. काल संध्याकाळी उषाबाई झोळीपाशी येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या होत्या, काहीच न बोलता परत गेल्या होत्या. तिला वाटलं होतं, टोमणा आठवला नसेल. परवा त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं होतं. ते मुद्दाम, असं तिनं भारतला फोनवर सांगितलं होतं. एकेक गोष्ट ती उचलून बघत होती आणि कुठली रागाची, कुठली उन्हाची, हे तिला लावता येत नव्हतं.

"मला नाही सांगता येत," ती शेवटी म्हणाली. "त्या माझ्याशी बोलत नव्हत्या."

"बोलत नव्हत्या की बोलता येत नव्हतं?"

नर्सनं थोडा वेळ वाट पाहिली, मग थर्मामीटर बघायला वळली. उतरतोय, असं म्हणाली, पण कितीवर आलाय ते सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात कांताबाई अर्पिताला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. रडणं थांबलं होतं. इंद्रायणी पलंगाशेजारी उभी राहून चादर ओली करत राहिली. कोपरा वाळला की पाणी, पुन्हा वाळला की पुन्हा. उन्हं खिडकीवरून खाली सरकली तेव्हा उषाबाईंच्या कपाळावर, केसांच्या कडेला, बारीक ओल दिसली. ती चादरीचं पाणी आहे की घाम, हे बघायला ती खाली वाकली.

उषाबाईंनी डोळे उघडले. बराच वेळ त्या तिच्याकडे बघत होत्या. नजर ओळखीची वाटत होती, आणि नव्हतीही.

"उभी काहून?" त्या म्हणाल्या. "बस की बाई."

ही तिला ओळखून म्हटलेली गोष्ट होती, की दारी आलेल्या कुठल्याही बाईला त्या असंच म्हणाल्या असत्या, इंद्रायणीला कळलं नाही. तिनं पलंगाखालचं स्टूल ओढलं आणि बसली.