यंत्रबाबा आणि मागे गेलेली तारीख

"भिंतीकडे तोंड करा! डोळे मिटा! ज्याचा डोळा उघडा राहील, त्याच्या डोळ्यात तो शिरेल!"

यंत्रबाबांनी आरोळी ठोकली आणि वहिनीच्या चिंचोळ्या खोलीत दाटीवाटीने उभी असलेली माणसं धडाधड भिंतीकडे वळली. जिन्यातल्यांना भिंत मिळेना, म्हणून त्यांनी एकमेकांच्या पाठीला नाकं लावली. मागे टेबलावर माझ्या थोरल्या भावाचा जुना संगणक घरघरत होता. दादा गेला त्याला अजून महिनाही झाला नव्हता.

"म्हणा, सोड बाबा सोड!"

"सोड बाबा सोड!"

त्या गलक्यातून माझ्या कानावर बारीक टिकटिक आली. माउसची. मी मान वळवणार, तोच शेजारच्याने माझं डोकं पुन्हा भिंतीकडे दाबलं. "सर, स्वतःचा नाही तर आमचा तरी विचार करा!"

"वळा आता!"

वळून पाहतो तर दादा गेल्यापासून न उघडणारं ब्राउझरमधलं पान लख्ख उघडलेलं. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी टेबलापुढे लोटांगणच घातलं. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती.

मी त्याच दिवशी परगावाहून आलो होतो. देवभोळा म्हणून घरात माझी थट्टा होते, कीर्तन म्हटलं की मी पहिल्या रांगेत. पण बुवा कधी "डोळे मिटा, मी काय करतो ते बघू नका" म्हणत नाहीत. त्यांचे दोन्ही हात सगळ्या सभेला दिसतात. त्यामुळे मला खटकलं ते एवढंच, की देवाच्या कामाला भिंतीची काय गरज?

वहिनीचं पोट त्या संगणकावर होतं. डॉक्टर रुग्ण तपासून जे बोलतात, ते एका इस्पितळाच्या संकेतस्थळावर ऐकायचं आणि टाइप करून त्याच दिवशी परत पाठवायचं. दादा असताना दोघं मिळून करत. दादा गेला आणि संकेतस्थळ उघडेना. पडद्यावर लाल खूण, खाली "तुमचं कनेक्शन खाजगी नाही".

"बघा!" यंत्रबाबा म्हणाले होते. "यंत्र स्वतः सांगतंय. तुमच्यात आणि कामात कोणीतरी तिसरा आहे! आणि ही तारीख बघा कोपऱ्यातली. कुठलं साल आहे?"

ते साल दादा-वहिनीच्या लग्नाचं होतं. बाबा वहिनीकडे वळले. "त्याला मागे जायचंय, ताई. त्याचा जीव वेळेत अडकलाय." मग वेळेची बाधा काढायला म्हणून बाबांनी दादाचं मनगटी घड्याळ मागून घेतलं. आता ते बाबांच्याच मनगटावर होतं. बाधा बहुधा तिथे बरी राहत असावी.

त्या संध्याकाळी वहिनीने काम केलं. सकाळी पुन्हा लाल खूण. बाबा आले, दुरूनच फुंकर मारून म्हणाले, "चिवट आहे हा. पंधरवडाभर झाकून ठेवा. कोणी हात लावला तर तो कायमचा भटकेल, माझ्याकडे येऊ नका मग." वहिनीने दादाची शाल संगणकावर घातली.

तेवढ्यात इस्पितळातल्या बाईंचा फोन. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "पंधरा दिवस थांबता येईल का हो?"

"ताई, रुग्ण थांबतात का? उद्यापर्यंत सुरू करा, नाहीतर काम दुसऱ्यांना द्यावं लागेल."

"वहिनी, मला बघू दे," मी म्हणालो.

"नको, भावजी."

"अगं, काम जाईल!"

"काम जाईल तर जाईल. ते तरी आहेत ना इथे."

गणित शिकवून माझे केस पिकले, पण ह्या गणिताला माझ्याकडे रीत नव्हती. तो दिवस गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच चहाचा कप माझ्यापुढे आदळत म्हणाली, "बघा एकदा काय बघायचं ते. पण मी डोळे मिटणार नाही."

"मिटूच नकोस. मला तेच हवंय."

शाल काढली, संगणक लावला. लाल खूण आली. मी कोपऱ्यातल्या तारखेवर गेलो, आजची तारीख घातली, वेळ घातली. पान पुन्हा उघडायला सांगितलं. उघडलं.

वहिनी पुढे वाकून कोपऱ्यातली तारीख बघायला लागली. मग म्हणाली, "हे तर तुमचे दादा रोज करायचे."

"काय?"

"सकाळी संगणक लावला की आधी तिथे कोपऱ्यात काहीतरी करायचे. मी विचारलं तर म्हणायचे, घड्याळाला चावी देतोय. मला वाटलं, थट्टा करतात. आणि रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायचेच. मीही करते. त्यांची शिस्त."

सगळं कोडं त्या बटणात होतं. वीज बंद असताना तारीख लक्षात ठेवायला संगणकाच्या पोटात एक लहान, नाण्याएवढी बॅटरी असते. दादाच्या संगणकातली ती केव्हाच मेली होती. भिंतीवरचं बटण बंद झालं की संगणक सगळं विसरायचा आणि जुन्या सालात जागा व्हायचा. आता प्रत्येक संकेतस्थळ दारात आपलं ओळखपत्र दाखवतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. जुन्या सालात बसलेल्या संगणकाला ते ओळखपत्र अजून जन्मालाच न आलेलं वाटतं. म्हणून तो दार लावून घेतो. भूत नाही, तिसरा कोणी नाही. भित्रा पहारेकरी आणि चुकलेलं घड्याळ. आमच्या पाठीमागे बाबांच्या माउसची टिकटिक झाली होती, ती हीच तारीख बदलण्याची.

"शाल काढली!" मावशींनी दारातून पाहिलं होतं. घटकाभरात खोली भरली, पाठोपाठ यंत्रबाबा.

"कोणी भिंतीकडे वळू नका," मी म्हणालो. भिंतीवरचं बटण बंद केलं, चालू केलं. लाल खूण. तारीख बदलली, पान उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा लाल खूण. मग जिन्यातल्या एका आजोबांना बसवलं. त्यांनी तारीख बदलली आणि पान उघडलं.

"आजोबा, तुम्हीही बाबा झालात!" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

यंत्रबाबांनी डोळे मिटून मान डोलावली. "गेला. मी काल रात्री ध्यानात सोडवला त्याला. म्हणून आता कोणाच्याही हाताने उघडतंय."

"अहो, पण लाल खूण पुन्हा येते ना, बटण बंद केलं की!"

"ती त्याची पाऊलखूण, सर. पाऊल गेलं, खूण राहिली."

"खरंच की," मावशी पुटपुटल्या. "बाई गं! म्हणूनच आमचा टीव्ही सकाळपासून खरखरतोय. इथून सुटला तो वर आला!"

गर्दी बाबांना घेऊन जिना चढली. आजोबाही गेले. दादाचं घड्याळही.

वहिनीने इस्पितळात फोन लावला. पलीकडून बाई हळहळून बोलत होत्या एवढं कळलं. "नाही, बरोबर आहे तुमचं," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला. काम कालच दुसऱ्या कोणाला दिलं होतं.

दुपारी मी नवी बॅटरी आणून बसवली. संध्याकाळी वहिनीने भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. तारीख आजचीच. पान उघडलं. त्यात तिच्यासाठी काही नव्हतं.

"आता नाही ना जाणार मागे?"

"नाही."

ती शालीची घडी घालत राहिली. वरून "सोड बाबा सोड" ऐकू येत होतं.

वाचकहो, देव मीही मानतो, तुम्हीही माना. पण देव माणसाला डोळे मिटून भिंतीकडे उभं करत नाही. तसं उभं करणारा माणूस असतो, आणि त्याच्या हातात काहीतरी असतं. यंत्र बिघडलं तर पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा, कोपऱ्यातली तारीख बघा, एक गोष्ट बदलून काय होतं ते तपासा. तेवढ्याने गेलेलं माणूस परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण वहिनीने त्याच सकाळी शाल घालण्याऐवजी तारीख पाहिली असती, तर निदान काम तरी राहिलं असतं.